समुद्राच्या गाळातून नायट्रोजनचा इतिहास कसा वाचायचा : अरबी समुद्राच्या कोअरवरून

ओमानच्या किनाऱ्यासमोरच्या गाळाच्या कोअरचा, म्हणजे तळात नळी खुपसून काढलेल्या लांबट नमुन्याचा, एक आलेख सागरविज्ञानाच्या वर्गात हमखास दाखवतात. आडव्या अक्षावर काळ, उभ्या अक्षावर गाळातल्या नायट्रोजनच्या समस्थानिकांचं, म्हणजे जड आणि हलक्या अणूंचं, प्रमाण. उबदार काळात रेघ वर जाते, हिमयुगात खाली येते. मार्क आल्टाबेट आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध केले, आणि तेव्हापासून अनेकांच्या डोक्यात एक सोपं समीकरण पक्कं बसलं : रेघ वर म्हणजे मान्सून जोरात. हे समीकरण अर्धंच खरं आहे. उरलेला अर्धा भाग कसा हाताळायचा, त्याची ही पायरीवार मांडणी. एमएस्सीच्या प्रकल्पासाठी गाळाचे नमुने हाती येणार असतील तर ती थेट उपयोगी पडेल. नुसते असे शोधनिबंध वाचायचे असतील तरी आलेखाला कोणते प्रश्न विचारायचे ते कळेल.

हिशेब आधी, कोअर नंतर

निसर्गातल्या नायट्रोजनचे साधारण ९९.६ टक्के अणू हलके, म्हणजे वस्तुमान १४ असलेले. उरलेले सुमारे ०.४ टक्के जड, वस्तुमान १५ चे. नमुन्यातलं जड-हलक्याचं गुणोत्तर हवेतल्या नायट्रोजनच्या तुलनेत हजारात किती जास्त किंवा कमी, तो आकडा म्हणजे डेल्टा-१५-एन. हवेचा स्वतःचा आकडा शून्य. आजच्या खोल समुद्रातल्या नायट्रेटचा सरासरी आकडा ५ ‰ च्या आसपास आहे. हा ५ कुठून आला, हे ज्याला कळलं त्याला पुढचा सगळा लेख सोपा जाईल.

समुद्रात वापरण्याजोगा नायट्रोजन मुख्यतः स्थिरीकरणातून येतो. ट्रायकोडेस्मियमसारखे जीव हवेतला नायट्रोजन बांधतात. मान्सूनपूर्व महिन्यांत कोकण-गोव्याच्या किनाऱ्यासमोर लाकडाच्या भुशासारखे तपकिरी तवंग दिसतात, ते बहुधा याचेच. अशा नायट्रोजनचा आकडा शून्याच्या थोडा खाली, साधारण उणे १ असतो. बाहेर जायची मुख्य वाट विनायट्रीकरणाची : ऑक्सिजन जवळजवळ संपलेल्या पाण्यात किंवा चिखलात जिवाणू नायट्रेटवर श्वसन करतात आणि नायट्रोजन पुन्हा वायू होऊन निघून जातो.

जिवाणूंना हलके अणू सोपे पडतात. चिवड्याच्या डब्यातून पोरं दाणे वेचून खातात आणि डब्यात पोहेच जास्त दिसू लागतात, तसं उरलेल्या नायट्रेटमध्ये जड अणूंचं प्रमाण वाढतं. पाण्यातल्या विनायट्रीकरणात ही निवड फार तीव्र असते, २० ते ३० ‰. चिखलातल्या विनायट्रीकरणात मात्र आत झिरपलेलं नायट्रेट जवळजवळ पूर्ण संपतं. डबाच रिकामा झाला तर कुणी आधी काय वेचलं, याचा मागमूस राहत नाही. म्हणून चिखलातल्या प्रक्रियेची खूण वरच्या पाण्यात अगदी थोडी, शून्य ते ३ ‰ इतकीच उमटते.

आता कागदावर एक गणित करून बघा. येणारा नायट्रोजन उणे १. जाणाऱ्यापैकी काही हिस्सा पाण्यातल्या विनायट्रीकरणातून, २५ ‰ च्या निवडीने. बाकीचा चिखलातून, निवड शून्य धरू. समुद्राची सरासरी ५ वर स्थिर राहायची तर ६ भागिले २५, म्हणजे जेमतेम २४ टक्के नुकसान पाण्यातून होतं आणि तीन-चतुर्थांश चिखलातून. गणित ढोबळ आहे, पण त्यातून एक कळीची गोष्ट हाती लागते : सरासरी आकडा विनायट्रीकरण *किती* झालं हे सांगत नाही, ते *कुठे* झालं त्याचं प्रमाण सांगतो. दोन्ही ठिकाणचं विनायट्रीकरण दुप्पट झालं आणि स्थिरीकरणही तेवढंच वाढलं, तर सरासरी आकडा जागचा हलणारही नाही.

स्थानिक चित्र वेगळं. अरबी समुद्रात साधारण १५० ते १,००० मीटर खोलीदरम्यान ऑक्सिजन नावालाच उरतो. पाण्यात विनायट्रीकरण चालणारे जगातले तीन मोठे पट्टे आहेत. दोन पॅसिफिकच्या पूर्व उष्णकटिबंधात, तिसरा आपल्या दारात. या पट्ट्यातल्या नायट्रेटचा आकडा १५ ‰ च्याही वर जातो. तेच पाणी अपवेलिंगने, म्हणजे वाऱ्यामुळे खालचं पाणी वर ओढलं जाण्याने, वर येतं. प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, ते वापरतात, मरून तळाशी जातात आणि आकडा गाळात नोंदला जातो. मान्सून जोरात असला की अपवेलिंग वाढतं, प्लवक वाढतात, ते कुजताना ऑक्सिजन जास्त संपतो आणि विनायट्रीकरण वाढतं; सुरुवातीचं सोपं समीकरण इथूनच आलं.

पहिली पायरी : जागा

इथे चूक झाली तर पुढची महागडी यंत्रं काही वाचवू शकत नाहीत.

गाळ साठण्याचा वेग जास्त हवा आणि तळाशी ऑक्सिजन कमी हवा. ऑक्सिजनयुक्त, संथ गाळाच्या खोल समुद्रात सेंद्रिय पदार्थ कुजत जातात आणि त्या कुजण्यातच आकडा ३ ते ५ ‰ ने वर सरकतो. म्हणजे जो फरक शोधायला निघालात, तेवढाच फरक निव्वळ सडण्यातून तयार! खंडान्त उतारावर (किनाऱ्याजवळच्या उथळ भागापलीकडे तळ खोल उतरत जातो तिथे), जिथे ऑक्सिजन-न्यून पट्टा तळाला टेकतो, तिथे हा घोळ बराच कमी. ओमानचा उतार आणि पाकिस्तानसमोरचा उतार म्हणूनच इतके गाजले. पाकिस्तानसमोर तर तळाशी बिळं करणारे प्राणीच टिकत नाहीत. गाळाचे मिलिमीटरभर जाडीचे थर एकावर एक तसेच राहतात. एरवी गांडुळांसारखे प्राणी वरचे सुमारे १० सेंटिमीटर सतत ढवळत असतात. वर्षाला एक मिलिमीटर गाळ साठत असेल तर ढवळण्याने शंभरेक वर्षं एकमेकांत मिसळतात. हजार वर्षांत दोन-तीन सेंटिमीटरच साठत असेल तर काही हजार वर्षांचा लगदा होतो.

सिंधू नदीच्या पंख्यावर, म्हणजे नदीने समुद्रतळावर पसरलेल्या गाळाच्या ढिगावर, कोअर घेताना जपा. तिथे उतारावरून घसरून आलेले थर मध्येच घुसतात आणि त्यांत जुना गाळ वर येऊन बसलेला असतो.

गोव्यासमोरच्या उथळ समुद्रबूड जमिनीवर कोअर घ्यावा का, असं हमखास विचारलं जातं. जवळ आहे, स्वस्त आहे, आणि मान्सूनच्या उत्तरार्धात तिथलं तळाचं पाणी ऑक्सिजनहीन होतं हे दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० साली ठळकपणे दाखवून दिलं आहे. पण उथळ पाण्यात तळ जवळ, त्यामुळे चिखलातलं विनायट्रीकरण मोठं. त्यात नद्यांचा गाळ आणि लाटांची उलथापालथ. अलीकडच्या शतकांचा किनारी इतिहास हवा असेल तर जरूर घ्या. हिमयुगापर्यंत मागे जायचं असेल तर नको. तेव्हा समुद्रपातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. ही जागा चक्क जमीन होती.

दुसरी पायरी : कोअर उघडणं आणि नमुने घेणं

ग्रॅव्हिटी कोअर किंवा पिस्टन कोअर (लांब, जड नळीने काढलेले कोअर) घेताना सगळ्यात वरचा मऊ गाळ बहुतेकदा उडून जातो. आजचा संदर्भ हवा असेल तर त्याच ठिकाणी मल्टिकोअरही, म्हणजे वरचा थर न विस्कटता घेतलेले आखूड कोअर, घ्या. कोअर ४ अंश सेल्सिअसला ठेवा. उघडताना नळी लांबीत चिरून दोन भाग करतात : एक कामाचा, दुसरा जपून ठेवायचा.

ऑक्सिजन-न्यून पट्ट्यातला कोअर उघडला की सडक्या अंड्याचा वास येतो आणि ओला, हिरवट-काळा चिखल दिसतो. थर असतील तर पहिल्या काही मिनिटांतच नीट दिसतात. हवा लागली की रंग मळकट होत जातो. म्हणून फोटो आणि रंगाची नोंद आधी, चमचा नंतर. नळीच्या भिंतीला लागलेला गाळ आत शिरताना खरवडत, खालीवर ओढला गेलेला असतो. तो काढून टाका आणि नमुना मधूनच घ्या.

अंतर किती ठेवायचं, हे प्रश्नावर ठरतं. हजार वर्षांत १० सेंटिमीटर गाळ साठत असेल तर १ सेंटिमीटर म्हणजे १०० वर्षं. दर ५ सेंटिमीटरला नमुना घेतला तर हजार-दीड हजार वर्षांच्या घडामोडीवर जेमतेम दोन-तीन बिंदू पडतात, आणि दोन बिंदूंवर शिखर काढणं म्हणजे स्वतःची फसवणूक. हिमयुग आणि उबदार काळ एवढाच फरक बघायचा असेल तर तेवढं पुरतं.

नमुने थंडशुष्क करा, म्हणजे गोठवून निर्वातात वाळवा. ओव्हनमध्ये भाजू नका. मग अगेटच्या (अकीक दगडाच्या) खलात बारीक वाटा.

तिसरी पायरी : वय

गेल्या ४०,००० वर्षांपर्यंत फोरामच्या कवचांवर रेडिओकार्बन. फोराम म्हणजे फोरामिनिफेरा, वाळूच्या कणाएवढे चुनखडी कवचाचे एकपेशीय जीव. ४०,००० वर्षं म्हणजे सुमारे सात अर्धायुष्यं. मूळ कार्बन-१४ पैकी एक टक्काही उरत नाही, तेव्हा त्या टोकाच्या तारखांवर फार भिस्त ठेवू नका. समुद्राचं पाणी मुळातच काही शतकं 'जुनं' वय दाखवतं, आणि अपवेलिंगच्या भागात ही दुरुस्ती काळानुसार बदलू शकते. ४०,००० वर्षांपलीकडच्या काळासाठी कवचांतल्या ऑक्सिजन समस्थानिकांचा आलेख सर्वमान्य वक्ररेषेशी जुळवतात. अरबी समुद्राच्या काही कोअरमध्ये सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची सुमारे ७४,००० वर्षांपूर्वीची राख सापडते. ती मिळाली तर कोअरमध्ये एक आयती तारीख मिळाली समजा.

एक पथ्य कडक पाळा. आपला डेल्टा-१५-एनचा आलेख ग्रीनलंडच्या बर्फावरून काढलेल्या हवामानाच्या आलेखाशी ओढूनताणून जुळवून वय ठरवायचं, आणि मग 'दोघं एकाच वेळी बदलतात' असा निष्कर्ष काढायचा, हा प्रकार करू नका. प्रसिद्ध निबंधांतही तो अधूनमधून सापडतो.

चौथी पायरी : मोजणी

वाटलेला गाळ कथिलाच्या छोट्या कॅप्सूलमध्ये बांधतात. एलिमेंटल अ‍ॅनालायझरमध्ये तो सुमारे १,००० अंशांना जळतो, गरम तांब्यावरून जाताना नायट्रोजनची ऑक्साइडं नायट्रोजन वायूत बदलतात, आणि हेलियमच्या प्रवाहातून तो वायू मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये पोचतो. तिथे वस्तुमान २८ आणि २९ चे रेणू मोजले जातात.

किती गाळ घ्यायचा? समजा ५० मायक्रोग्रॅम नायट्रोजन हवा आहे. उतारावरच्या गाळात तो ०.२ टक्के असेल तर २५ मिलिग्रॅम पुरे. खोल समुद्राच्या गाळात ०.०३ टक्के असेल तर जवळपास १७० मिलिग्रॅम लागतील; कॅप्सूल फुगते आणि ज्वलन अर्धवट होण्याची भीती असते. अर्धवट ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याचंही वस्तुमान २८. यंत्र त्याला बिनदिक्कत नायट्रोजन समजतं. म्हणून कार्बन डायऑक्साइड आणि पाणी पकडणारे सापळे ताजे ठेवा, वस्तुमान ३० वरही लक्ष ठेवा, आणि एकाच नमुन्याचं वजन बदलून आकडा बदलतोय का ते तपासा. बदलत असेल तर आधी तो दोष दुरुस्त करा, मग पुढे चला.

कार्बन समस्थानिकांसाठी चुना काढायला गाळाला आम्ल लावतात. तोच नमुना नायट्रोजनसाठी वापरण्याचा मोह टाळा. आम्लाने काही नायट्रोजन धुऊन जातो आणि आकडा सरकतो. दोन कॅप्सूल, दोन मोजण्या.

मानकं, म्हणजे आकडा आधीच ठाऊक असलेले पदार्थ, किमान दोन, एकमेकांपासून लांब आकड्यांची. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची आयएईए-एन-१ (+०.४) आणि आयएईए-एन-२ (+२०.३) ही अमोनियम सल्फेटची जोडी सोयीची. मानकांच्या जोडीला प्रयोगशाळेचा स्वतःचा एक गाळही दर दहा-बारा नमुन्यांमागे चालवा. पुनरावृत्तीत ०.२ ‰ च्या आत आकडा आला तर काम ठीक चाललंय. आलेखातले ०.३ चे चढउतार बघून गोष्टी रचू नका.

पाचवी पायरी : आकड्यावर संशय घ्या

एकूण सेंद्रिय कार्बन आणि एकूण नायट्रोजन यांचा साधा आलेख काढा. तुमच्या पाच-सहा तासांचा याहून चांगला उपयोग नाही. सरळ रेषा कार्बन शून्य असताना नायट्रोजनच्या अक्षाला शून्यावर छेदत असेल तर उत्तम. वर छेदत असेल तर तेवढा नायट्रोजन सेंद्रिय नाही, तो चिकणमातीत, विशेषतः इलाइट या खनिजाच्या थरांमध्ये, अमोनियम होऊन अडकलेला आहे. सिंधूच्या गाळात इलाइट भरपूर. सेंद्रिय पदार्थ कमी असलेल्या हिमयुगीन थरांत हा हिस्सा मोठा दिसू शकतो, आणि नेमकं तिथेच आकडा खाली दिसायची आपली अपेक्षा असते! पोटॅशियम हायपोब्रोमाइटने सेंद्रिय नायट्रोजन काढून उरलेला मोजला की शंका फिटते.

कार्बन-नायट्रोजन गुणोत्तरही बघा. सागरी प्लवकांचं ६ ते ९ च्या आसपास, जमिनीवरच्या झाडापाल्याचं २० किंवा त्याहून बरंच जास्त. गुणोत्तर आणि डेल्टा-१५-एन हातात हात घालून फिरत असतील तर समुद्राऐवजी नदीचा इतिहास मोजत असण्याची शक्यता आहे.

सहावी पायरी : कवचात बंद नायट्रोजन

जिथे सडण्याचा किंवा नदीचा संशय जात नाही, तिथे फोरामच्या कवचाच्या आत अडकलेला सेंद्रिय नायट्रोजन मोजतात. कवच त्याला सडण्यापासून वाचवतं. काम चिकाटीचं आहे. सूक्ष्मदर्शकाखाली एका प्रजातीची, एका आकाराची कवचं ओल्या ब्रशने वेचायची. अरबी समुद्रात ग्लोबिजेरिनॉइड्स रूबर किंवा अपवेलिंगची लाडकी ग्लोबिजेरिना बुलॉइड्स. काही मिलिग्रॅम लागतात, म्हणजे शेकडो कवचं. ती हलकेच फोडायची, चिकटलेली माती ध्वनिलहरींनी झटकायची, बाहेरचे सेंद्रिय पदार्थ परसल्फेट या रसायनाने जाळायचे, मग कवच आम्लात विरघळवायचं. आतून सुटलेला नायट्रोजन परसल्फेटनेच नायट्रेट करायचा आणि ते खास जिवाणूंना खाऊ घालायचं. हे जिवाणू नायट्रस ऑक्साइडवर येऊन थांबतात, आणि तो वायू मोजला जातो. प्रत्येक टप्प्यावर कोरा नमुना (कवचं न घालता नुसती रसायनं) चालवा. नायट्रोजन इतका थोडा असतो, की अभिकर्मकातली अशुद्धीसुद्धा निकाल फिरवू शकते.

याच पद्धतीने हाओजिया रेन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये कॅरिबियन समुद्रात हिमयुगातलं स्थिरीकरण आजच्यापेक्षा कमी होतं असं दाखवलं. पाण्यातून नायट्रोजन कमी निघून गेला, तर फॉस्फरसच्या मानाने नायट्रोजनचा तुटवडाही कमी, आणि म्हणून बांधणाऱ्या जीवांना मागणीच कमी, अशी त्यामागची संगती.

सातवी पायरी : आलेख वाचणं

आता मूळ रेघेकडे. अरबी समुद्रात उबदार काळ आणि हिमयुग यांत साधारण २ ते ३ ‰ चा फरक मिळतो. हिमयुगाच्या आतही ग्रीनलंडच्या उबदार झटक्यांशी जुळणारे चढ दिसतात. २००२ मध्ये आल्टाबेट यांच्याच गटाने ओमानच्या कोअरमध्ये ते बारकाईने मांडले. अशा वेळी पहिला प्रश्न : बदल स्थानिक की साऱ्या समुद्राचा? समुद्रातला नायट्रोजन ढोबळपणे ३,००० वर्षं टिकतो. जगभराची सरासरी काही शतकांत २ ‰ हलणं त्यामुळे अवघड. बदल झपाट्याचा असेल तर तो मुख्यतः आपल्याच पाण्यातल्या ऑक्सिजनचा. हजारो वर्षांच्या संथ सरकण्यात मात्र जागतिक सरासरीचाही वाटा असू शकतो. समुद्रपातळी खाली गेल्यावर उथळ तळ उघडे पडतात आणि चिखलातलं विनायट्रीकरण घटतं, हा तसाच एक बदल.

दुसरा प्रश्न : पृष्ठभागावर नायट्रेट पूर्ण वापरलं गेलं का? प्लवकही हलके अणू आधी उचलतात, साधारण ५ ‰ च्या निवडीने. सगळं नायट्रेट संपलं तर हा परिणाम सरासरीत नाहीसा होतो. ओमानच्या किनाऱ्याला मान्सूनच्या ऐन जोरात ते संपत नाही आणि आकडा थोडा खाली राहतो. म्हणजे जोरदार अपवेलिंग एका हाताने आकडा वाढवतं आणि दुसऱ्या हाताने कमी करतं.

म्हणून सोबतीला दुसरे साक्षीदार लागतात. उत्पादकतेसाठी सेंद्रिय कार्बन, बेरियम-अ‍ॅल्युमिनियम गुणोत्तर किंवा अल्केनोन (काही शैवालांतले मेदासारखे रेणू). ऑक्सिजनसाठी मॉलिब्डेनम आणि युरेनियम. पण लक्षात घ्या, धातू *तळाच्या* ऑक्सिजनबद्दल सांगतात आणि डेल्टा-१५-एन काही शे मीटर वरच्या *पाण्याबद्दल*. खोल तळावरच्या कोअरमध्ये दोघांचं जमलं नाही तर कुणीतरी खोटं बोलतोय असं समजायचं कारण नाही.

सगळ्यात मोठी कसोटी होलोसीनची, म्हणजे गेल्या सुमारे ११,७०० वर्षांची. या काळाच्या पूर्वार्धात नैऋत्य मान्सून जोरदार होता आणि नंतर हळूहळू ओसरला, हे ओमानच्या गुहांतल्या चुनखडी स्तंभांवरून नीट माहीत आहे. 'रेघ वर म्हणजे मान्सून जोरात' खरं असतं तर उत्तर होलोसीनमध्ये डेल्टा-१५-एन उतरायला हवा होता. अरबी समुद्रात तो उलट चढतो. पूर्व उष्णकटिबंधीय उत्तर पॅसिफिकमध्ये त्याच काळात तो उतरतो, त्यामुळे जागतिक सरासरीकडे बोट दाखवूनही सुटका नाही.

उत्तर पाण्याच्या येण्याजाण्यात शोधावं लागतं. ऑक्सिजन किती खर्च होतो हा अर्धा हिशेब. दक्षिणेकडून मध्यम खोलीवर किती ताजं पाणी येतं हा दुसरा अर्धा. त्यात तांबडा समुद्र आणि इराणचं आखात यांतून येणाऱ्या पाण्याची भर. आखाताची सरासरी खोली जेमतेम ३५ मीटर. हिमयुगात ते कोरडंच होतं. समुद्रपातळी वर आल्यावर तिथलं खारट, जड पाणी अरबी समुद्रात पुन्हा उतरू लागलं आणि दक्षिणेच्या पाण्याची वाट अडली, असं एक स्पष्टीकरण दिलं जातं. मला ते पटण्याजोगं वाटतं, पण ते तपासायचं तर ओमान, पाकिस्तान आणि भारताच्या पश्चिम उताराचे कोअर एकाच वयोमानावर शेजारी ठेवावे लागतील. एकट्या कोअरवरून ते होणार नाही.

शेवटची पायरी : तक्ता

निकाल देताना वयासोबत खोलीचा रकाना ठेवाच. तारखांच्या दुरुस्त्या दर काही वर्षांनी बदलतात. खोली दिली असेल तर पुढचा माणूस वय पुन्हा काढू शकतो. नायट्रोजनचं टक्केवारीतलं प्रमाण, कार्बन-नायट्रोजन गुणोत्तर, वापरलेली मानकं, पुनरावृत्तीची चूक आणि आम्ल लावलं होतं की नाही, हे सगळं त्याच तक्त्यात. आकडे जुळत नाहीत म्हणून वगळलेले नमुनेही कारणासह लिहा. आणि कोअरचा जपून ठेवलेला अर्धा भाग, कितीही गळ घातली तरी, कवचं वेचायला कुणाला देऊ नका.